पाण्याचं अंतर

कॅलिफोर्निया कुरव हा पक्षी हिवाळा पॅसिफिक महासागराच्या काठाने काढतो. तिथे मासे आहेत, बंदरं आहेत, भरती-ओहोटीने किनाऱ्यावर टाकलेलं खाणं आहे. तरी वसंत लागला की तो समुद्राकडे पाठ फिरवतो, सिएरा नेवाडाची बर्फाळ रांग ओलांडतो आणि पलीकडच्या कोरड्या, उंच मुलखात उतरतो. तिथे समुद्रसपाटीपासून साधारण ६,३८० फुटांवर मोनो नावाचं सरोवर आहे. डोंगरावरचं बर्फ वितळून निघालेले ओढे त्याला येऊन मिळतात, पण त्यातून बाहेर जायला पाण्याला एकही वाट नाही. आलेलं पाणी उन्हाने उडून जातं आणि पाण्याने आणलेले क्षार मागे राहतात. सरोवराचं वय किमान साडेसात लाख वर्षं मानलं जातं. त्यामुळे मोनोचं पाणी समुद्राच्या दुपटीहून जास्त खारट झालं आहे. त्यात मिठाबरोबर सोडाही विरघळलेला असल्याने ते बोटांना बुळबुळीत लागतं. या पाण्यात मासा जगत नाही. पण या जातीच्या कुरवांची जी सर्वांत मोठी वसाहतस्थानं मानली जातात, त्यांतलं हे एक आहे. अनेक वर्षं पन्नास हजारांच्या आसपास पक्षी इथे विणीसाठी येत होते.

त्यांनी हीच जागा का निवडली असेल? सरोवरात दोन मोठी बेटं आहेत. पाओहा पांढरट आहे, कारण ज्वालामुखीच्या रेट्याने तळाचाच गाळ वर उचलला जाऊन ते तयार झालं. नेगिट काळं आहे, थिजलेल्या लाव्हाचं. भोवती काही खडकाळ टेकाडंही पाण्यातून डोकं काढून आहेत. बेटावर अन्न नाही, सावली जेमतेम. कुरव घरटं म्हणून जमिनीत उथळसा खळगा करतो, त्यात काटक्या नि पिसं लावतो आणि दोन-तीन ठिपकेदार अंडी उघड्यावर घालतो. अंडं उबायला साडेतीन आठवडे लागतात आणि पिल्लू पंखांवर उभं राहायला पुढचा महिना-दीड महिना. एवढा काळ त्या अंड्याला, त्या पिल्लाला कसलाही आडोसा नसतो. खाली माती, वर आकाश. चार पायांचा एखादा भुकेला प्राणी त्या वसाहतीत शिरला तर एका रात्रीत शेकडो घरट्यांची वाट लागते. असा प्राणी काठावर आहेच. त्याचं नाव कायोटी, लांडग्या-कोल्ह्यांच्या कुळातला. तो बेटावर पोचू शकत नाही, मुख्यतः याच गोष्टीसाठी कुरव डोंगर ओलांडून इतक्या दूर येतो.

म्हणजे कुरवाच्या लेखी बेटाचं मोल त्याच्या मातीत फारसं नाही, भोवतीच्या पाण्यात आहे. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. जंजिऱ्याच्या तटाइतकंच त्याच्या भोवतीच्या समुद्राने त्याला अजिंक्य ठेवलं, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. ते पाणी नाहीसं केलं तरच किल्ला हाती येईल, हे ओळखून संभाजी महाराजांनी १६८२च्या सुमारास किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत दगडांचा सेतू बांधायला घेतला. मोगलांच्या चालीमुळे तो अर्धवट राहिला आणि जंजिरा सिद्दीकडेच राहिला. मोनो सरोवरात असाच सेतू विसाव्या शतकात पुरा झाला. त्यासाठी कुणाला एक दगडही टाकावा लागला नाही. फक्त पाणी काढून घेतलं गेलं.

ते का काढून घेतलं गेलं, याच्या मुळाशी एक समजूत आहे. अशा सरोवरात जाणारं पाणी वाया जातं, ही ती समजूत. मार्क ट्वेनने १८७२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रफिंग इट’मध्ये मोनोचं वर्णन निर्जीव, भकास जागा असंच केलं. पण हाच लेखक त्याच प्रकरणात काठावरच्या माश्यांविषयी लिहितो, आणि इतक्या दूरच्या समुद्रावरून हजारो कुरव अंडी घालायला दर हंगामात इथे येतात, याचंही नवल करतो. डोळ्यांनी जे पाहिलं ते आणि मनात आधीपासून ठरलेलं चित्र, ही दोन्ही एकाच माणसाच्या लेखणीतून शेजारी-शेजारी उतरली आहेत. खाऱ्या सरोवरांच्या वाट्याला हे नेहमीच आलं आहे. मासा नाही, पिण्याजोगं पाणी नाही, काठाला शेती नाही, म्हणजे तिथे काहीच नाही असं माणूस धरून चालतो.

त्या माश्यांकडे जरा जवळून पाहायला हवं. उन्हाळ्यात मोनोच्या काठाने त्यांचा काळा पट्टा पसरलेला असतो. पाऊल पडलं की पट्टा उठतो आणि मागे पुन्हा बसतो. माणसाच्या अंगावर, तोंडावर या माश्या बसत नाहीत. यांतली एखादी पाण्याच्या कडेच्या दगडावरून चालत चालत सरळ पाण्यात उतरते. तिचं अंग दाट, मेणचट केसांनी भरलेलं असतं. पाण्याचा पृष्ठभाग तिच्याभोवती दबतो, मग मिटतो, आणि ती हवेच्या चकचकीत बुडबुड्यात गुंडाळली जाते. डोळे तेवढे बुडबुड्याबाहेर राहतात. हवा तिला वर ओढत असते आणि ती नखांनी दगड धरून खाली खाली जाते. तिथे शेवाळ खाते, अंडी घालते आणि दगड सोडून देते. सुटलेला बुडबुडा तिला वर आणतो, आणि पाण्यावर आलेली माशी कोरडी ठणठणीत असते. या पाण्यात सोडा इतका आहे की साध्या माशीचे केस त्यात भिजून जातील. हिचे भिजत नाहीत. या मुलखातले मूळचे कुटझाडिका लोक या माश्यांचे कोष गोळा करत, उन्हात वाळवत, टरफल चोळून काढत आणि आतला पिवळसर दाणा खात. डोंगरापलीकडच्या लोकांशी ते त्याचा व्यापारही करत. त्यांचं नावच या अन्नावरून पडलेलं आहे. ज्यांच्या पोटात हे सरोवर पिढ्यान् पिढ्या गेलं, त्यांना ते निर्जीव वाटण्याचा प्रश्नच नव्हता.

माशीच्या जोडीला इथे आर्टिमिया आहे, बोटाच्या पेराहून लहान, पारदर्शक, पिसांसारखे पाय हलवत पोहणारी कोळंबी. तिची ही जात फक्त मोनोतच सापडते. तिची अंडी हिवाळाभर तळाच्या गाळात पडून राहतात आणि वसंतात फुटतात, तेव्हा सरोवरात त्यांची संख्या अब्जावधींच्याही पलीकडे जाते. मासा नसल्याने त्यांना खाणारं पाण्यात कुणी नाही. सगळं पक्ष्यांसाठी. कुरव पिल्लांना हेच भरवतो. शरदात दहा लाखांहून जास्त काळमान्या पाणडुब्या इथे उतरतात. खाऊन खाऊन त्या इतक्या जड होतात आणि त्यांचे उडण्याचे स्नायू इतके झिजतात, की काही काळ त्यांना उडताच येत नाही. मग निघण्याची वेळ आली की पुन्हा अंग उतरवून त्या दक्षिणेला जातात. विल्सनचा फॅलेरोप हा चिमुकला पक्षी इथे पिसं बदलून, चरबी साठवून दक्षिण अमेरिकेतल्या खाऱ्या सरोवरांकडे झेपावतो. खाऱ्या सरोवरांची एक साखळीच पृथ्वीच्या पाठीवर आहे. तिची जाण आपल्याआधी पक्ष्यांना होती.

लॉस एंजेलिस शहर मोनोपासून सुमारे साडेतीनशे मैल दक्षिणेला आहे. १९१३ साली त्या शहराने ओवेन्स नदीचं पाणी कालव्याने घरी आणलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ओवेन्स सरोवर कोरडं पडलं आणि त्याच्या तळाची धूळ दशकानुदशकं आसपासच्या लोकांच्या छातीत जात राहिली. शहर वाढतच होतं. मग डोंगरांखालून बोगदा खणून कालवा आणखी उत्तरेला नेला गेला आणि १९४१पासून मोनोला मिळणाऱ्या पाच प्रमुख ओढ्यांपैकी चार शहराकडे वळवण्यात आले. त्या वेळी सरोवराची पातळी ६,४१७ फूट होती. १९८२मध्ये ती ६,३७२वर आली. पंचेचाळीस फूट खाली. पाण्याचा साठा निम्म्यावर आला आणि खारटपणा दुप्पट झाला.

पाणी ओसरत गेलं तसतसा नेगिट बेट आणि उत्तर काठ यांच्यामधला तळ वर दिसू लागला. हा सेतू पुरा होतोय हे दिसत होतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या नॅशनल गार्डच्या जवानांनी तिथे सुरुंग लावून खंदक उडवून पाहिला. गाळाने तो भरून आला. कुंपण घातलं गेलं, तेही पुरलं नाही. १९७९ साली कायोटी चालत बेटावर गेले. तीस हजारांहून अधिक कुरव अंडी-पिल्लं तिथेच टाकून उठले. नेगिट रिकामं झालं. वाचलेल्या पक्ष्यांनी आजूबाजूच्या लहान टेकाडांवर जागा शोधली, आणि वसाहतीचा मोठा भाग पुढेही तिथेच राहिला.

या प्रसंगात कायोटीला दोष देता येत नाही. जमीन मिळाली तिथे तो चालत गेला. बेटही जागचं हललं नव्हतं. त्यावरचा एकही दगड कुणी उचलला नव्हता, एकही झुडूप तोडलं नव्हतं. ‘बेटाचं संरक्षण’ म्हणून जे काही आपण कल्पनेत आणतो, म्हणजे पाटी, पहारेकरी, प्रवेशबंदी, ते सगळं करूनही इथे काही वाचलं नसतं. कारण बिघाड बेटावर झालाच नव्हता. तो साडेतीनशे मैल दूर नळाच्या तोटीशी, हिरवळीवर फिरणाऱ्या फवाऱ्यात, टाकीच्या साखळीत झाला होता. मला या विषयातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते. वाघाचं रक्षण वाघाच्या जंगलात करता येतं, निदान तशी सुरुवात करता येते. बंद सरोवरातल्या बेटावरच्या पक्ष्याचं रक्षण त्याच्या बेटावर उभं राहून करताच येत नाही. त्यासाठी पाण्याच्या उगमापासून त्याच्या शेवटच्या वापरापर्यंत सगळीकडे कुणाला तरी हात आखडता घ्यावा लागतो, आणि तोही ज्याने तो पक्षी कधी पाहिलेला नाही अशा माणसाला.

हे ओळखणारे पहिले लोक विद्यार्थी होते. १९७६च्या उन्हाळ्यात काही तरुणांनी मोनोच्या जीवनचक्राचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांतल्या डेव्हिड गेन्सने १९७८मध्ये मोनो लेक कमिटी उभी केली आणि स्लाइडचा प्रोजेक्टर घेऊन तो गावोगाव, शाळाशाळांतून बोलत फिरला. १९८०पासून सायकलस्वारांची एक फेरी सुरू झाली. लॉस एंजेलिसच्या पाणीखात्याच्या मुख्यालयासमोरच्या तलावातून छोट्या कुप्यांत पाणी भरून घ्यायचं, साडेतीनशे मैल सायकल हाणायची आणि ते पाणी मोनोत ओतायचं. त्या कुप्यांनी पातळी केसभरही वाढणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. पाणी कुणाचं आणि कुठून आलं, हे शहराला दिसावं, एवढंच त्यांना हवं होतं. गेन्स १९८८च्या जानेवारीत, बर्फाळ रस्त्यावरच्या अपघातात गेला.

यापेक्षाही मला एका दुसऱ्या कामाचं महत्त्व वाटतं. नव्वदच्या दशकात पूर्व लॉस एंजेलिसमधल्या, मुख्यतः मेक्सिकन मुळांच्या कष्टकरी वस्तीतल्या आयांच्या संघटनेने घरोघरी जुन्या फ्लशच्या टाक्या बदलून कमी पाण्याच्या टाक्या बसवण्याचा कार्यक्रम चालवला. नव्या टाकीला एका वेळेस सहा लिटर पाणी लागे, जुनीला त्याच्या दुप्पट-तिप्पट. मोनो लेक कमिटीने या कामाशी हात मिळवला. वस्तीतल्या पोरांना रोजगार मिळाला, घरांची बिलं उतरली, आणि ‘पक्षी की माणसं’ हा जो वाद शहर वर्षानुवर्षं घालत होतं, त्यातली हवा निघून गेली. पर्यावरणाच्या चळवळीने गरिबाला काटकसर शिकवायला जाण्याऐवजी त्याच्याकडून शिकावं, असे प्रसंग फार थोडे असतात.

न्यायालयातली लढाई मात्र थेट हक्काची होती. १९४० साली शहराला पाण्याचे परवाने देताना राज्याच्या पाणी विभागाने खेद व्यक्त केला होता, पण घरगुती वापर हा कायद्याने सर्वश्रेष्ठ असल्याने आपल्याला काही करता येत नाही, अशी भूमिका घेतली होती. पक्षिरक्षणाचं काम करणारी ऑड्युबन सोसायटी आणि मोनो लेक कमिटी यांनी १९७९मध्ये दावा लावला. त्याचा आधार फार जुना होता. हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि त्याचे किनारे ही सर्वांची सामायिक संपत्ती आहे, हे सहाव्या शतकात जस्टिनियनच्या संहितेत लिहून ठेवलं गेलं होतं. विधिज्ञ जोसेफ सॅक्स यांनी १९७०मध्ये एका दीर्घ लेखातून या जुन्या सूत्रात आधुनिक निसर्गरक्षणाची ताकद दाखवून दिली होती. १७ फेब्रुवारी १९८३ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. राज्य हे अशा पाण्याचं मालक नसून विश्वस्त आहे. एकदा परवाना दिला म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही. झालेल्या वाटपाकडे ते पुन्हा पाहू शकतं, पाहायला बांधील आहे. शहराची तहान न्यायालयाने नाकारली नाही. सरोवराचा विचारच न करता पाणी वाटण्याचा अधिकार तेवढा नाकारला.

या निकालाचा पुढचा प्रवास आपल्यापर्यंत येतो. हिमाचल प्रदेशात ब्यास नदीच्या काठावरच्या एका हॉटेलसाठी नदीचा प्रवाह वळवण्याचा प्रकार घडला होता. त्यावरचा ‘एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ’ हा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर १९९६ रोजी दिला. त्यात जस्टिनियनचा उल्लेख आहे, सॅक्स यांचा आहे, आणि मोनो सरोवराच्या खटल्याची सविस्तर चर्चा आहे. सार्वजनिक विश्वस्ततेचं तत्त्व भारतीय कायद्याचा भाग आहे, असं न्यायालयाने तिथे म्हटलं. तेव्हापासून तळी, नद्या, बागा, किनारे यांच्यासाठी भारतात लढणारी माणसं या तत्त्वाचा आधार घेत आली आहेत. कॅलिफोर्नियातल्या एका खारट सरोवराने, त्यातल्या माश्यांनी आणि कुरवांनी आपल्याला दिलेलं हे देणं आहे. ते आपल्या सार्वजनिक स्मरणात असायला हवं.

कारण पाण्याचा हिशेब आपणही त्याच रीतीने मांडतो. कोकणातल्या नद्यांचं पाणी समुद्रात ‘वाया’ जातं, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलं आहे की ते वाक्य आहे हेही विसरलो आहोत. दर पावसाळा संपला की नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला किती टीएमसी सोडायचं यावरून वाद पेटतो. शेतकऱ्याची दोन्हीकडची गरज खरी आहे, आणि मी तिला कमी लेखत नाही. पण नाथसागर हे पक्षी अभयारण्यही आहे, त्यात लहानमोठी बेटं आहेत, आणि त्या वादात पाण्याच्या पातळीचा एक इंचही कधी त्यांच्या नावे मांडला जात नाही. मोनोशी रासायनिक नातं सांगणारं आपलं लोणारचं विवरही तसंच. बाहेर वाट नसलेलं, सोड्याचं, पक्ष्यांना धरून ठेवणारं. २०२०मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिथे बेट नाही, पण पातळीच्या चढउताराने सगळं बदलतं हे तिथेही खरं आहे.

बेटाची गोष्ट मोनोपुरती नाही. ईशान्येला युटा राज्यात ग्रेट सॉल्ट लेक आहे. त्यातल्या गनिसन बेटावर अमेरिकन पांढऱ्या पेलिकनांची फार मोठी वसाहत होती. भोवतीच्या पाण्यात एक मासा नाही. पेलिकन पन्नास किलोमीटरांहून दूरच्या गोड्या दलदलींवर जाऊन मासे आणत आणि इथे पिल्लांना भरवत. सुरक्षिततेसाठी एवढी मजल. १९७७पासून कायद्याने त्या बेटावर माणसाला बंदी आहे. २०२२च्या नोव्हेंबरात सरोवराने नोंदींतली सर्वांत खालची पातळी गाठली. बेट काठाला जोडलं गेलेलं होतं. २०२३मध्ये पेलिकनांनी ती वसाहत सोडली. माणसाला बंदी कायम होती, कागद शाबूत होते. इराणमध्ये, ज्या देशातल्या रामसर गावी १९७१ साली पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार झाला, तिथल्या उर्मिया सरोवरात शंभराहून अधिक बेटं होती. रोहित (फ्लेमिंगो) आणि पेलिकन तिथे वीण करत. धरणं आणि सिंचनाने त्याचं पाणी इतकं आटलं की बेटांच्या मधून मिठावरून चालत जाता येऊ लागलं.

आणि कच्छ. पक्षितज्ज्ञ सालिम अली १९४५च्या एप्रिलमध्ये मोठ्या रणात उंटावरून पाणी तुडवत गेले आणि रोहित पक्ष्यांच्या विणीच्या नगरीपर्यंत पोचले. चिखलाचे कोन उभारून त्यांच्या माथ्यावरच्या खळग्यात एकेक अंडं. अशी लाखाच्या वर घरटी. पक्ष्यांची संख्या त्यांनी पाच लाखांच्या घरात धरली. तिथलं पाणी घोट्या-गुडघ्याएवढं असतं. त्याहून कमी झालं तर कोल्हा चालत येतो. वाढलं तर चिखलाचे कोन विरघळतात. पावसाने हे मोजमाप साधलं त्या वर्षी वीण होते, नाही साधलं तर होत नाही. ठाण्याच्या खाडीत, शिवडीच्या चिखलात हिवाळ्यात जो गुलाबी थवा आपण कौतुकाने पाहतो, त्यातल्या पक्ष्यांचा पाळणा गुजरातच्या खाऱ्या मुलखात आहे. मुंबईत त्यांच्यासाठी खाडी राखणं गरजेचंच आहे, आणि ठाणे खाडीला २०२२मध्ये रामसर दर्जा मिळाला हे चांगलंच झालं. पण मुंबईत ते पोट भरतात. जन्म त्या वीतभर पाण्यात होतो.

पाणी परत आलं की सगळं पूर्ववत होतं, असंही नाही. १९८९मध्ये न्यायालयाने मोनोचे ओढे वळवणं थांबवलं, आणि २८ सप्टेंबर १९९४ रोजी राज्याच्या जलमंडळाने सरोवराची पातळी ६,३९२ फुटांपर्यंत नेण्याचा आदेश काढला. अंदाज वीस वर्षांचा होता. त्यानंतर एखाद्या वर्षी प्रचंड बर्फ पडला, १९९५मध्ये, २०१७मध्ये, २०२३मध्ये, की भरपूर गोडं पाणी एकदम येई. पण खाली गेलेल्या, अतिखारट झालेल्या सरोवरात गोडं पाणी मिसळत नाही, वर तरंगत राहतं. वर्षानुवर्षं वरचा थर नि खालचा थर वेगळे राहतात. तळाशी साचलेलं पोषण वर येत नाही, शेवाळ खुंटतं, आर्टिमिया कमी होते आणि कुरवाची पिल्लं उपाशी राहतात. दीर्घकाळ पाणी नाकारलेलं सरोवर पाणी आल्यावरही काही वर्षं सोसत राहतं. म्हणून कधीतरी मिळणाऱ्या पुरापेक्षा त्याला दरवर्षीचं, खात्रीचं पाणी हवं.

दरम्यान माणसं जमेल ते करत राहिली आहेत. २०१६-१७मध्ये पुन्हा सेतू दिसू लागला, तेव्हा मैलभराहून लांब विजेचं कुंपण टाकलं गेलं. त्याच हिवाळ्यात बर्फ पडला आणि पाणी वाढलं. ज्या टेकाडावर कुरव सर्वांत जास्त जमतात, तिथे एका परक्या तणाने इतकं रान माजवलं की घरट्याला जागा उरेना. २०२०च्या फेब्रुवारीत, पक्षी येण्याआधी, वन विभागाने ते जाळून काढलं. मला या कामांविषयी आदरच आहे. थंडीत होडीने खांब वाहून नेणाऱ्यांचे हात मी कल्पनेत पाहू शकतो. पण कुंपण दरवर्षी उभारावं लागतं, पाणी स्वतःचं काम स्वतः करतं.

मोनोच्या दक्षिण काठावर चुनखडीचे पांढरे सुळके उभे आहेत. जगभरचे छायाचित्रकार त्यांच्यासाठी येतात, सूर्योदयाला तिपाया लावून रांगेने बसतात. हे सुळके पाण्याखाली घडले. तळातून फुटणाऱ्या झऱ्यांतलं कॅल्शियम सरोवरातल्या कार्बोनेटला भेटलं, की त्याचा दगड होतो. ते आपल्याला दिसतात ते पंचेचाळीस फूट पाणी काढून घेतल्यामुळे. सरोवर पुरतं सुधारलं तर यांतले कित्येक बुडतील आणि ते सुंदर चित्र राहणार नाही. मला वाटतं, तिथे जाणाऱ्याने ते बुडावेत अशी इच्छा मनात धरून त्यांच्याकडे पाहावं. ते कठीण आहे, पण अशक्य नाही.

१९९४च्या आदेशाला तीस वर्षं उलटून गेली आणि ६,३९२चा आकडा अजून आलेला नाही. सरोवर अजून त्याच्या बरंच खाली आहे. वेळेत पातळी गाठली नाही तर फेरविचार व्हावा, हे त्या आदेशातच लिहिलेलं आहे आणि त्यासाठीचा आग्रह आज धरला जातो आहे. प्रश्न आहे तो किती पाण्याचा? पातळी ६,३८० आणि ६,३९१ फुटांच्या दरम्यान असेल तर त्याच आदेशानुसार शहर वर्षाला १६,००० एकर-फूट पाणी नेऊ शकतं. आपल्या मापाने ते पाऊण टीएमसीहूनही कमी, आणि त्या शहराच्या एकूण गरजेत तो अगदी लहान वाटा. हा वाटा ठरतो दरवर्षी १ एप्रिलला. त्या दिवशी पाणीखात्याचे आणि कमिटीचे लोक मिळून काठावर पातळी मोजतात. त्याच १ एप्रिलपासून १ ऑगस्टपर्यंत बेटांच्या एक मैल परिघात होड्यांना मज्जाव असतो, कारण तोवर कुरव आलेले असतात आणि खळगे उकरायला लागलेले असतात.